सजोडे त्याग

ज्ञानचंदजींनी जैन स्थानकात प्रवचनाच्या वेळी हात वर केला आणि महाराजांना ठणकावून सांगितलं, "चातुर्मासभर चहाचा त्याग. सजोडे."

बायकांच्या बाजूला बसलेल्या मोहनबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. सजोडे म्हणजे नवऱ्याबरोबर त्यांचाही चहा गेला, आणि त्यांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं! भर सभेत नाही म्हणायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून डोकं ठणकायला लागलं. ज्ञानचंदजींचंही तेच. भांड्यांच्या दुकानात ते जामनेरच्या जुन्या गिऱ्हाइकावर खेकसले, घरी वरणातल्या मिठावरून ताट सरकवलं. स्वतःच पायावर धोंडा पाडून घ्यायचा आणि बोंब मात्र आमच्या नावानं, असं मोहनबाई पोळपाटाला सांगत राहिल्या.

अशात सून चेलना तोंडाला तपकिरी लेप फासून समोर आली. हा कसला चिखल, म्हणून त्यांनी तिलाच फैलावर घेतलं.

"ग्वाराना आहे मम्मी. अॅमेझॉनच्या जंगलातल्या वेलीच्या बियांची पावडर. त्वचेला चांगलं म्हणतात. तिथले लोक तर पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात कालवून पितात, थकवा जातो. चहापेक्षा तेज असतं."

"पण चहा नाही ना?"

"नाही."

"मग आण चमचा."

चव कडूजहर होती, पण तासाभरात डोकं ठणकायचं थांबलं. मोहनबाई स्तवन गुणगुणत भाजी निवडायला बसल्या आणि तिथंच घात झाला. बायको खुशीत म्हणजे चोरून चहा पिते, हे ज्ञानचंदजींनी ठरवूनच टाकलं. त्यांनी कप हुंगले, डबे उघडले. चेलनाची पावडर पाण्यातून घेते, असं मोहनबाईंनी सरळ सांगून पाहिलं.

"तोंडाला लावायचं कुणी पितं का?" म्हणत ते गल्लीत गेले आणि शेजारच्या दिपमालाभाभींना, हिला चहा तुम्ही पाजता का, असं चारचौघांत विचारून आले.

दिपमालाभाभींनी दार लावून घेतलं. मोहनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा गेला त्याचं एक वेळ सोसलं असतं, पण गल्लीनं चोर म्हणावं?

रविवारी प्रवचनानंतर महाराजांनी विचारलं, नवा नियम कोण घेणार? ज्ञानचंदजींचा हात उठायच्या आत मोहनबाई उभ्या राहिल्या.

"रागाचा त्याग, महाराजसाहेब. चातुर्मासभर. सजोडे."

सगळीकडून अनुमोदना झाली. ज्ञानचंदजी लालबुंद झाले. त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

स्कूटरवरून ते घरी आले. दारात चपला काढताना त्यांनी सुनेला हळूच जवळ बोलावलं.

"बेटा, तो तुझा तोंडाला लावायचा चिखल... पाण्यात किती चमचे घालतात?"