आमदारबाईंची बर्फी

पहिलं वाचन

कांचन दामलेने देवापुढे बर्फीची वाटी ठेवली, निरांजन लावलं आणि नवऱ्याला हाक मारली.

"अहो, आमदारबाईंनी डबा परत पाठवलाय. आणि रिकामा नाही हं! बर्फी आहे. दोन थरांची. वर चॉकलेट दिसतंय, खाली खवा. जरा गुलाबी झालाय, पण पहिल्यांदा केलं असेल बिचारीने."

उल्हास टाय सैल करत आत आला. त्याने वाटीत पाहिलं आणि सैल केलेला टाय पुन्हा आवळला.

"कांचन, तू खाल्लीस का यातली?"

"नैवेद्याच्या आधी? मी?"

"बरं झालं. ही बर्फी नाही. मक्तक आहे. देवमाशाची कातडी. खाली गुलाबीसर दिसतंय ना, ती चरबी."

कांचनने देव्हाऱ्याकडे पाहिलं. बाळकृष्ण रांगता रांगता वाटीच्या अगदी जवळ आला होता.

"देवापुढे?" ती एवढंच म्हणाली.

"तसा देवमासाच आहे," उल्हास म्हणाला. "नावात देव आहेच."

त्या संध्याकाळी त्याला पान स्वतःच वाढून घ्यावं लागलं.

हे सगळं जूनोत घडलं, म्हणजे अलास्काच्या राजधानीत, १९८६ साली. या राजधानीला बाहेरून यायला रस्ता नाही. विमानाने या, नाहीतर बोटीने. जानेवारीत अधिवेशन सुरू झालं की आमदार मिळेल तिथे भाड्याने राहतात. त्या वर्षी दामल्यांच्या जोडघराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, भिंतीला भिंत लागून, एडना तुकुमिक राहायला आल्या. जमातीच्या इनुपियाक, म्हणजे तिकडच्या मूळ रहिवाशांपैकी. पार उत्तरेच्या टोकाच्या खेड्यांच्या आमदार. मतदारसंघ महाराष्ट्राएवढा आणि मतदार पुण्यातल्या दोन-चार वाड्यांत मावतील एवढे.

संक्रांत नुकतीच झाली होती. कांचनने तिच्या मामांनी नाव घालून दिलेला स्टीलचा डबा काढला, तिळगुळाच्या लाडवांनी भरला आणि शेजारी नेऊन दिला. "गोड बोला" याचा अर्थ उल्हासने समजावून सांगितला. एडनाबाईंनी बराच वेळ विचार केला.

"प्रयत्न करीन," त्या म्हणाल्या. "पण हे बजेटचं वर्ष आहे."

दुसरं वाचन

बजेटचं वर्ष होतं हीच तर पंचाईत होती. तेलाचे भाव कोसळले होते, आणि अलास्काचा सगळा संसार तेलावर. उल्हास सरकारी पाणी खात्यात इंजिनिअर. किविलुक नावाच्या खेड्याला नळाचं पाणी देण्याची योजना त्याने कित्येक वर्षं घासून पुसून तयार केली होती. तिथले लोक अजून तळ्यातल्या बर्फाच्या लाद्या आणून वितळवत. आता योजना गेली तर उल्हासची नोकरी जाणार, हे साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. आणि योजना राहणार की जाणार हे ठरवणाऱ्या कमिटीत बसत होत्या शेजारच्या एडनाबाई.

"म्हणून सांगतो, आता देवाणघेवाण बंद," उल्हास म्हणाला. "हिअरिंग होईपर्यंत त्यांना काही द्यायचं नाही. लाच दिली म्हणतील."

"लाडवांची लाच?"

"अगं, ही अमेरिका आहे. इथे पेनसुद्धा जपून द्यावं लागतं."

"ठीक आहे. नाही देत. पण त्यांचा एक डबा आलाय त्याच्या बदल्यात?"

"तो आपलाच डबा होता!"

"आला तेव्हा भरलेला होता ना? मग फिटंफाट कशी झाली? आणि त्यांनी नंतर दुसरा पाठवलाय, त्यांचा, प्लास्टिकचा. वाळवलेलं कसलं तरी मांस आहे त्यात. कॅरिबू हरणाचं की काय."

"तो तसाच परत दे."

"रिकामा डबा परत द्यायचा? माझ्या आईने ऐकलं तर माहेरचं दार बंद होईल मला!"

डबा चिंचेने घासला गेला आणि चकल्यांनी भरून गेला. सोबत नाव घातलेला स्टीलचा डबाही गेला, त्यात शंकरपाळे. पण एडनाबाईंच्या आईनेही बहुधा हेच शिकवलं असावं. आठवड्याभरात प्लास्टिकचा डबा पुन्हा भरून आला, आणि उत्तरेहून विमानाने आलेला मक्तकचा एक खोकाही आला. त्यांच्या गावच्या, म्हणजे किविलुकच्याच, नावेने देवमासा धरला होता. शेजाऱ्याचा वाटा काढल्याशिवाय तो खायचा नसतो म्हणे.

"फ्रीझरमध्ये ठेवू," उल्हास म्हणाला.

"माझ्या खवलेल्या नारळाशेजारी? खबरदार!"

मग उल्हासने खोका मागच्या पडवीत ठेवला.

दुरुस्ती. 'ठेवला' हा शब्द वगळावा. त्याऐवजी 'लपवला' असं वाचावं. वर फळी, फळीवर दगड, दगडावर जुनी गादी. बाहेर थंडी फ्रीझरला लाजवेल अशी. काम झालं, असं त्याला वाटलं.

सकाळी पडवीच्या कठड्यावर डोंबकावळ्यांची सभा भरली होती. गादी अंगणात होती. एकेक कावळा चौकोनी तुकडा उचलत होता आणि थेट एडनाबाईंच्या छपरावर जाऊन खात होता.

"हुश्! हुश्!" उल्हास पायजम्यातच बर्फात उतरला.

कांचनने खिडकीतून पाहिलं. "लगेच शिवले हो! काही इच्छा राहिली नव्हती बिचाऱ्याची."

शेजारचा पडदा हलला. खिडकीत एडनाबाई उभ्या होत्या. त्यांनी कावळ्यांकडे पाहिलं, मग पायजम्यातल्या इंजिनिअरकडे पाहिलं, आणि पडदा सोडून दिला.

"गेली," उल्हास आत येऊन म्हणाला.

"चरबी?"

"नोकरी."

कमिटीपुढे

हिअरिंगच्या खोलीत लांब टेबल, टेबलामागे आमदार, मधोमध फोनला जोडलेला एक स्पीकर. किविलुकला लोक शाळेच्या हॉलमध्ये जमून तिकडून ऐकत होते. उल्हासने नकाशे पसरले आणि वर पाहिलं. एडनाबाईंच्या पुढ्यात, फायलींच्या शेजारी, कांचनच्या मामांनी नाव घातलेला डबा होता. शंकरपाळ्यांचा.

अध्यक्ष अँकरेजचे, जाडजूड. ते मूठ भरून खात होते. "हे फार छान आहे. कुठे मिळतं?"

"इंजिनिअरना विचारा," एडनाबाई म्हणाल्या.

"माझ्या बायकोने केलेत," उल्हास म्हणाला. अध्यक्षांचं चावणं थांबलं.

"म्हणजे तुम्ही या सभासदांना भेटवस्तू देता?"

"ती भेट नाही सर! परतफेड आहे. म्हणजे त्यांनी आधी... म्हणजे आधी आम्ही, पण तो सण होता!"

"आणि मी त्यांना देवमासा दिला," एडनाबाई म्हणाल्या. "आमच्याकडे शेजारी एकमेकांना खायला देत नसतील तर लोकांना संशय येतो." मग त्यांनी चष्मा पुसला. "कसा लागला, इंजिनिअर?"

उल्हासने स्पीकरकडे पाहिलं. तिकडे खोकल्याचा आवाज आला. ज्यांनी तो देवमासा धरला, ते ऐकत होते.

"उत्तम," असं म्हणायचं आणि सुटायचं, हे त्याने ठरवलं होतं. तसं तो म्हणालाही. पण एडनाबाई काही बोलेनात. त्यांच्याकडे समोरच्याचं बोलणं पुरतं संपलं याची खात्री होईपर्यंत गप्प बसतात. आणि पुण्याच्या माणसाला एवढी शांतता सोसत नाही. समोरचा गप्प बसला की आपलं उत्तर चुकलं, असंच त्याला वाटतं.

"फार उत्तम," उल्हास म्हणाला.

शांतता.

"म्हणजे, दिसायला. आम्ही मांस खात नाही."

शांतता.

"पहिल्या वेळी बायकोला वाटलं मिठाई आहे. तिने ती देवापुढे ठेवली."

शांतता. अध्यक्षांनी शंकरपाळा खाली ठेवला.

"दुसऱ्या वेळचा मी पडवीत लपवला. तो कावळ्यांनी खाल्ला. माझं चुकलं. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, पण देणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? आमच्यात तसं म्हणत नाहीत."

स्पीकरमधून कुणीतरी हसलं. मग सगळा हॉल हसला. मग एका म्हातारीचा आवाज आला. ज्या नावेने देवमासा धरला त्या नावेच्या मालकीणबाई होत्या त्या.

"देवापुढे ठेवला म्हणतोस?"

"हो, बाई."

"आम्हीसुद्धा त्याचे आधी आभार मानतो. आणि उरलेला कावळ्यांना?"

"हो."

"त्यांनाही भूक असते." जरा थांबून म्हातारी म्हणाली, "एडना, यापूर्वीचे सगळे इंजिनिअर 'फार उत्तम' म्हणून विमानात बसून गेले. त्यांचे पाइप पहिल्या हिवाळ्यात फुटले. हा न विचारलेलंसुद्धा सांगतो. हा बरा आहे."

एडनाबाईंनी हात वर केला. "योजना मंजूर करावी. माझी एक दुरुस्ती आहे."

दुरुस्ती एकाही विरोधाशिवाय मंजूर झाली.

तिसरं वाचन

"झालं मंजूर?" कांचनने दारातच विचारलं.

"झालं."

"आणि नोकरी?"

"राहिली."

कांचनने हात जोडले. उल्हास अजून बूट काढत होता, त्यावरून बाकी काहीतरी आहे हे तिने ओळखलं.

"फक्त जागा हलवली. काम पुरं होईपर्यंत इंजिनिअरने किविलुकलाच राहायचं. सहकुटुंब. आमदारबाईंची दुरुस्ती."

कांचन खुर्चीत बसली. बराच वेळ बसली. एडनाबाई असत्या तर त्यांना कौतुक वाटलं असतं.

"घर देतात?"

"देतात."

"घरात नळ?"

"अगं, तो तर मीच नेणार ना."

"तुम्ही नेईपर्यंत?"

"तळ्यातून लाद्या आणायच्या. वितळवायच्या. लोक करतातच की."

"दाखवा नकाशा."

उल्हासने नकाशा टेबलावर पसरला. कांचनने चष्मा लावला.

"यात आपलं घर कुठलं?"

"हे. कडेचं. विमानाच्या धावपट्टीजवळ."

"आणि पाइप कुठून टाकायला सुरुवात?"

"इकडून. या दुसऱ्या टोकाकडून. आपल्या घरापर्यंत यायला तिसरा उन्हाळा उजाडेल."

कांचनने त्याच्या खिशातली पेन्सिल काढून त्याच्या हातात दिली आणि खोडरबर नकाशावर ठेवलं.

"उलटा काढा," ती म्हणाली.