साबणावरचा अंगठा

साबणाच्या ओल्या वडीवर अंगठा दाबायचा, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. नाव लिहिता येत नव्हतं, मग दुसरं करणार काय? (शाळेचा आणि माझा संबंध तिच्यासमोरून जाण्यापुरताच.) तीस वर्षं तो खळगा बघून लोक साबण नेत होते.

मग कोपऱ्यावरच्या दुकानदारानंही अंगठ्याचा साबण काढला. एक बाई लालेलाल गाल घेऊन माझ्या दारात. "आजी, तुमच्या साबणानं बघा काय झालं!" वडी त्याची, बोलणी मला. पुढच्या आठवड्यात निम्मी गिऱ्हाइकं फिरकलीच नाहीत.

"आई, खुणेची नोंदणी करू," सूनबाई म्हणाली. "ट्रेडमार्क. मग ती दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही."

वकीलबाईंनी कागदावर ठसा मागितला. मी दहा कागद काळे केले. पण साबणाच्या खारानं रेघा कधीच झिजलेल्या. उमटला तो नुसता डाग.

"माझा घ्या," आमचे हे खुर्चीतूनच म्हणाले. "रेघा कशा कोऱ्या करकरीत आहेत!"

"असणारच! कामाला कधी लावलात?"

वर यांचा अंगठा डावीकडे वाकडा, तरुणपणी दारात चेमटलेला. येता-जाता माझ्या ताज्या खळग्यात तोच खुपसून विचारतात, "वाळला का गं?" किती चापट्या मारल्या असतील त्या हातावर!

शेवटी सूनबाईनंच तोड काढली. ठसा कशाला, वडीचाच फोटो देऊ. फळीवरची एक वडी उचलून तिनं फोटो काढला. अर्ज, हेलपाटे, उत्तरं, सगळं तिनंच केलं, नोकरी सांभाळून. (पोटच्या मुलानं 'होईल गं' एवढंच केलं.) दीड वर्षानं कागद आला. वकीलबाईंची नोटीस गेली आणि दुकानदारानं आपल्या वड्या गुपचूप उचलल्या. लाल गालांची बाईसुद्धा परत आली.

मी सुनेला जवळ घेतलं. "तू नसतीस, तर माझा अंगठा लोकांनी पळवला असता गं."

मग कौतुकानं कागद डोळ्यांजवळ नेला. फोटोतला खळगा डावीकडे वाकलेला!

वकीलबाईंनी तर बजावलंय, "आजी, कागदावर आहे तश्शीच खूण ठेवा."

तेव्हापासून साबणाच्या दर घाण्याला मी चहाचा कप घेऊन यांच्या खुर्चीपाशी उभी. हे सावकाश चहा पितात, बाही वर सारतात आणि विचारतात, "वाळला नाही ना गं अजून?"