लिफ्टवाल्याचा रिफ

उंच इमारतीची अख्खी लिफ्ट मी एकहाती उघडून पुन्हा जोडतो. तेव्हा सहा तारांचं गिटार म्हणजे किस झाड की पत्ती, असं मी बायकोला छातीठोकपणे सांगून टाकलं.

"तुला धड शिट्टी वाजवता येत नाही," ती म्हणाली. पण म्हणताना तिचे डोळे कपाटाच्या माथ्यावर होते.

तिथे तिच्या बाबांचं गिटार पडून होतं. सासरे तरुणपणी एका बँडमध्ये सदर्न रॉक, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडचं रॉक संगीत, वाजवायचे. त्यात एकाने तोच तो रिफ, म्हणजे सुरांचा छोटा तुकडा, न कंटाळता धरून ठेवायचा असतो आणि दुसऱ्याने त्यावर मनसोक्त बागडायचं असतं. सासरे बागडणारे. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. ते सावरले, आमच्याकडे राहायला आले, पण डाव्या हाताची बोटं मंदावली ती मंदावलीच. त्यांनी गिटार कपाटावर टाकलं आणि हसणंही बहुतेक त्याच्याच शेजारी ठेवून दिलं. लेकीला ते बघवत नव्हतं, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

माझी योजना साधी होती. मी नुसता रिफ धरायचा. तो ऐकून त्यांचे हात शिवशिवले, की काम झालं.

आमच्या इलेक्ट्रिशियनकडून गिटार उसनं आणलं. शिकवणीचा व्हिडिओ फोनवर घेतला, कानात हेडफोन घातले. दुरुस्त केलेली लिफ्ट आधी हळू चालवून बघायची आणि मगच चावी फिरवून नेहमीच्या वेगावर सोडायची, ही आमच्या धंद्याची शिस्त. त्याच शिस्तीत मी व्हिडिओचा वेग निम्मा केला आणि कामाला लागलो. बोटांची सालं निघाली. पाना धरताना हात झोंबायचे. पण शेवटी व्हिडिओतल्या माणसाच्या बरोबरीने माझा रिफ चालू लागला. तो माणूस बोलायचाही फार रेंगाळत. दक्षिणेकडची माणसं, असतील निवांत, असं मी समजून चाललो.

मग हेडफोन काढून, सासऱ्यांच्या खोलीचं दार मुद्दाम उघडं ठेवून मी रोज वाजवायला बसलो. पहिल्या दिवशी त्यांनी दार ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर माझ्याशी बोलणं सोडलं. आठवडा संपता संपता त्यांनी बॅग भरली.

"बाबा काकाकडे राहायला चाललेत," बायको रडवेली होऊन म्हणाली. "काय केलंस तू?"

मी गिटारासकट त्यांच्या खोलीत शिरलो. ते पलंगावर बसून एका हाताने बॅगेची चेन ओढत होते.

"बाबा, माझं वाजवणं इतकं वाईट आहे का?"

"वाईट असतं तर चाललं असतं," ते म्हणाले. "माझी बोटं चालत नाहीत म्हणून तुम्ही मुद्दाम हळू वाजवता. मला कीव नको, जावईबापू."

"हळू? मी?"

"तो रिफ याच्या दुप्पट वेगाने जातो."

"शक्यच नाही!"

"मग वाजवा."

वाजवला. पहिल्याच फटक्याला तारा छेडायची पिक हातातून सुटून त्यांच्या उघड्या बॅगेत पडली, दुसऱ्याला बोटं एकमेकांत अडकली आणि तिसऱ्याला तार तुटून माझ्या नाकावर आली. सासऱ्यांनी हात पुढे करून माझा फोन मागितला, चष्मा लावला आणि व्हिडिओच्या कोपऱ्यातला वेगाचा आकडा मला दाखवला.

"चावी फिरवायची राहिली," मी पुटपुटलो.

त्यांच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला. खांदे गदगदले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पुन्हा झटका आला या भीतीने बायको धावत आली आणि दारातच थबकली. वडील हसतात कसे, हे ती पार विसरून गेली होती.

"वरचं काढ गं ते," ते तिला म्हणाले. "यांना निम्म्यावरच राहू दे. एवढं मला जमेल."

जमलं, मी तुटलेली तार बदलल्यावर. एखादा सूर निसटायचा, पण माझा रिफ इतका संथ होता, की त्यांचं बोट पुढच्या सुरावर आरामात पोचायचं. बायको बॅगेतले कपडे परत कपाटात लावत होती आणि नाक ओढत होती.

हल्ली आम्ही रोज बसतो. सासऱ्यांची बोटं बरीच मोकळी झाली आहेत. मी आहे तिथेच आहे. परवा ते लेकीच्या कानात सांगताना मी ऐकलं, "मला आता वेगात जमतं गं. पण हळूच घेतो. जावईबापूंना वाईट वाटायला नको."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांना कीव चालत नाही. मला चालते.