ताईसाहेबांचे नाकावरील मोहिमेची हकीकत

ऐकणारांनी चित्त देऊन ऐकावे. लढायांच्या बखरी लिहिणारे पैशाला पासरी, परंतु नाकावरील पुरळाची बखर अद्याप कोणी लिहिली नाही. सबब सेवकाने, म्हणजे ताईसाहेबांचे पाठचे भावाने, त्यांचेच घरी दोन वेळ जेवून, जैसे घडले तैसे लिहिले. मीठमसाला लाविला असेल तो चवीपुरता.

ताईसाहेब शिवणयंत्राच्या धनी. नाट्यगृहाचा मखमली पडदा महिन्याचे आत शिवून देणेची कामगिरी त्यांनी पत्करिली होती. पती राजश्री भावोजी चष्मेबहाद्दर. भिंगे घासून चकचकीत करणेत त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांचा रिवाज ऐसा की, रोज सायंकाळी दुकानातून यावे, कोटाचे खिशातून फडके काढावे आणि ताईसाहेबांचा चष्मा स्वहस्ते पुसून द्यावा. परगावचे दिवस सोडता बावीस वर्षांत खाडा नाही. एरवी चहात साखर किती यावरूनही दोघांचे वाजे, परंतु चष्म्याचे वेळी तह असे.

ऐसे असतां गनीम उठला. नाकाचे दांडीवर आणि दोन्ही कानांमागे लाल पुरळाने डेरे दिले. चष्मा लावावा तर आग, आणि काढावा तर सुईचे नेढे दिसेना. पडदा तीन हात शिवून तैसाच पडला, आणि नाट्यगृहाचा खलिता आला की, मुदतीत न जाहल्यास काम दुसरीकडे देऊ.

भावोजींनी चष्म्याची चौकट तीन वेळ बदलिली, तरी फरक नाही. तेव्हा चष्मा निर्दोष ऐसा पुकारा जाहला. मग त्वचेचे डॉक्टरांनी ताईसाहेबांचे पाठीवर पट्ट्या डकवून परीक्षा केली आणि निदान सांगितले की, दुर्मिळ मृदा धातू म्हणोन एक जमात आहे, निओडिमियम, सेरियम आदिकरून, ती यांचे कातडीस सोसत नाही. नाव दुर्मिळ, आणि ठाणी घरोघरी! हुकूम जाहला की, नाकाकानास रोज काय लागते ते हुडकावे आणि एकेक दूर ठेवून पाहावे. शरीर वर्षानुवर्षे सोसते आणि एके दिवशी नाही म्हणते. परंतु भावोजींनी निओडिमियम म्हणजे लोहचुंबक एवढेच ऐकिले आणि पुढील ऐकणेस न थांबता घराकडे कूच केले. उतावळा नवरा, दुसरे काय!

मग जप्ती सुरू जाहली. फ्रिजवरील चुंबकी फळे धरिली, आणि वाणसामानाची यादी निराधार होऊन भुईवर आली. पर्सचा चाप उसकटिला, मोबाइलचे कव्हर सोलिले, आणि सर्व कैदी बिस्किटांचे डब्यात कोंडिले, तेथे ते एकमेकांस ऐसे चिकटले की सोडविता सुटेनात. सेवकाचे हेडफोनही गेले. सेवकाने अर्ज केला, तो फेटाळिला. भावोजींच्या मातोश्री मात्र गुडघ्याचा चुंबकी पट्टा देईनात. म्हणाल्या, "गुडघा माझा आहे. हात लावून बघ!" तेथे फौज माघारी फिरली.

इतके होऊन नाक अधिकच लाल. मग भावोजी काचखरेदीस चार रोज परगावी गेले आणि पुरळ ओसरले. डब्याचाच हा प्रताप ऐसे फोनवर ऐकून भावोजी फुगले, आणि परत येतांच मोठे प्रेमे चष्मा पुसून दिधला. सकाळी पाहतात तो नाकाचा टोमॅटो जाहला. मुदतीस दहा रोज उरले.

मातोश्री लसूण सोलीत होत्या. त्या म्हणाल्या, "तू नव्हतास तेव्हा हिचं नाक बरं होतं. आलास आणि सुजलं. अरे, ते फडकं असं गुलाबी कशानं झालंय?"

भावोजी उठले ते थेट दुकानी गेले. ज्या गुलाबी पुडीने भिंगे घासीत, तिचे पोत्यावर काय लिहिले आहे हे बावीस वर्षांत वाचिले नव्हते. वाचिले, तो सेरियम! चुंबकांस फुकट कैद, आणि गनीम रोज भावोजींचे खिशात बसून घरी येत होता. कुंपणानेच शेत खाल्ले. घरी परतले तेव्हा सेवकास हसू येत होते, परंतु त्यांचे तोंड पाहून हसवेना. फडके कचऱ्यात टाकून ते ताईसाहेबांस एवढेच बोलले, "आजपासून तुझा चष्मा तूच पूस." त्या सायंकाळी चष्मा पुसला गेला नाही, आणि जेवणात मीठ पडले नाही.

दुसरे दिवशी सायंकाळी ताईसाहेबांनी साबणाचे पाण्याचा वाडगा, कोरे सुती कापड आणि चष्मा भावोजींपुढे आणून आदळिला. "हात कोपरापर्यंत धुवून या."

"अगं, पण माझ्यामुळेच तर..."

"डॉक्टरांना विचारलंय मी. फडकं बदला म्हणाले. नवरा बदला कुठं म्हणाले?"

मातोश्री लसणीत तोंड लपवून हसल्या. भावोजी हात धुवायला गेले ते बराच वेळ नळापाशीच होते, आणि आले तेव्हा डोळेही धुतलेले होते.

मग सेरियमास सरहद्द नेमून दिधली: पूड ओलीच वापरावी, कोट दुकानीच टांगावा, हात धुतल्यावाचून चष्म्यास शिवू नये. कैदी सुटले; सेवकाचे हेडफोन मात्र कैदेत एका कानाने बहिरे जाहले, त्याची दाद अद्याप लागली नाही. चौथे रोजी नाक निर्मळ जाहले, ताईसाहेबांनी चष्मा चढविला आणि पहिलेच खेपेस दोरा नेढ्यातून पार केला. पडदा मुदतीचे दिवशी नाट्यगृही रवाना जाहला. मोहीम फत्ते. सायंकाळचा रिवाज बावीस वर्षे आणि एक खाडा, ऐसा पुढे चालू आहे. आणि चहाचे साखरेवरून आज सकाळीच पुन्हा वाजले, हेही लिहून ठेविले असे.