मास्तरांचे चार प्याले

"कीर्तन कुठलंबी असू द्या, त्यातलं शास्त्र मला इचारा!" असं दत्तोबा कळंबच्या पारावर बसून छातीला हात लावून सांगायचे. आणि मंडळी, त्यात खोटं काहीच नव्हतं! नरसिंहपुरापासून बारामतीपर्यंत जिथं वीणा वाजेल तिथं पहिल्या रांगेत दत्तोबांचं पागोटं असायचंच. गळ्यात तुळशीची माळ आणि खिशात मनुकांची पुरचुंडी. बुवांनी अभंगाचं चरण घोळवावं आणि दत्तोबांनी मनुका, असा चाळीस वर्षांचा रिवाज!

पण पोटातली गोष्ट सांगायची तर दत्तोबांचं सगळ्यात लाडकं कीर्तन देवळातलं नव्हतंच. ते होतं पेझारकर मास्तरांच्या ओट्यावरचं.

मास्तर म्हणजे शाळेतले चित्रकलेचे मास्तर. जातीनं बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू, मूळ कोकणातले. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाला ते डोक्यावर टोपी घालून मोशेचं आख्यान लावायचे. त्यांची बायको साराबाई पेटीवर! फारो राजाचं सैन्य मागं, समुद्र पुढं, आणि साराबाईंचा भाता असा काही चालायचा, की पाणी दुभंगतंय ते दिसायचं. दत्तोबा ओट्याखाली उभं राहून डोळे पुसायचे.

मग पोरं इस्राएलला गेली. साराबाई देवाघरी गेल्या. पेटीवर कापड पडलं. तीन वर्षं मास्तरांच्या घरी वल्हांडण झालंच नाही.

यंदा चैत्रात मास्तर आपणहून बांधावर आले. "दत्तोबा, यंदा करावं म्हणतो. पण एकट्यानं कसं? त्या रात्री घरातल्या सगळ्यात लहानानं प्रश्न विचारायचा असतो, आजची रात्र वेगळी का म्हणून. मग मी आख्यान सांगायचं. विचारायला कुणी नाही रे."

"मी हाय की!"

"तू अडुसष्टचा!"

"तुमच्यापरीस ल्हानच हाय!"

मास्तर हसले. मग घसा खाकरून म्हणाले, "जेवताना चार प्याले प्यावे लागतात. डावीकडं रेलून. गुलामाला कुठलं रेलायला मिळतंय? सुटलेला माणूसच रेलून पितो. आणि नुसतं ओठ लावून चालत नाही, प्याल्यातलं निम्म्याहून जास्त पोटात गेलं पाहिजे."

दत्तोबांचा हात माळेकडं गेला. "प्याले... कसलं, मास्तर?"

"द्राक्षाचंच पाहिजे. पण घाबरू नकोस. आमच्यात मनुका भिजवून सरबत करतात. शास्त्राला चालतं."

"मग झालं! मनुका माझ्याकडच्या, भिजवायचं काम माझं! तुमी हात लावू नगा!"

इथंच घोडं पेंड खायला लागलं. मास्तर म्हणाले होते, रात्रभर भिजव, उकळ, गाळ. दत्तोबांना वाटलं, एका रात्रीत एवढी गोडी तर तीन दिवसांत केवढी! त्यांनी माठभर मनुका भिजत घातल्या, तोंडाला फडकं बांधलं, माठ ठेवला चुलीशेजारच्या कोपऱ्यात, आणि स्वतः गावभर प्रश्न पाठ करत हिंडले. विचारील त्याला सांगायचे, "मास्तरांकडं चार प्याले हायती!"

ही बातमी शेजारच्या छबूबाईंच्या तोंडून दत्तोबांच्या बायकोच्या, मुक्ताबाईंच्या, कानावर आली तेव्हा तिला चांगले पंख फुटले होते.

"अगं मुक्ते, तुझं मालक चार प्याले पिनार म्हनं! ते बी आडवं पडून!"

मुक्ताबाई तडक घरात गेल्या. माठ बुडबुडत होता! फडकं सोडलं तर असा भपकारा आला, की ऊस गाळायच्या दिवसांत कारखान्यामागनं गेल्यासारखं वाटलं!

चाळीस वर्षांची माळ! त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. माठ उचलला, चोथ्यासकट चंद्री म्हशीच्या घमेल्यात पेंडीवर ओतला. माठ तीनदा विसळला, त्यात पाणी, काकवी आणि चिमूटभर सुंठ घातली. रंग हुबेहूब! फडकं होतं तसं बांधलं. आणि दत्तोबांना म्हणाल्या, "मी बी येनार. बघते तरी काय असतंय ते."

"तू?" दत्तोबांचा चेहरा पडला. "मग सगळ्यात ल्हान तूच की! माझा प्रश्न गेला!"

मास्तरांचा ओटा सारवलेला. तांदळाची भाकरी, खजुराचा पाक, कडू भाजी. भिंतीशी साराबाईंची पेटी, कापड काढून पुसलेली. मास्तरांनी माठातलं गाळून प्याले भरले. टोपी नीट केली. प्याला उचलला.

"आता द्राक्षवेलीचं फळ देणाऱ्या देवाचा आशीर्वाद म्हणतो," ते म्हणाले, आणि डोळे मिटले.

मुक्ताबाईंनी पेटीकडं बघितलं. मास्तरांच्या मिटल्या डोळ्यांकडं बघितलं.

"थांबा, मास्तर!"

मास्तर थांबले. दत्तोबा आधीच डावीकडं रेलले होते, ते तसेच लोडावरून घसरले.

"देवाचं नाव घिऊन खोटं नगं," मुक्ताबाई म्हणाल्या. "ती काकवी हाय. मनुकांची दारू झाल्ती, मी वतून टाकली."

"अगं, काय केलंस हे!" दत्तोबा ओरडले. "तीन वर्सांनी सण मांडला त्यांनी!"

मास्तरांनी प्याला खाली ठेवला. उसाच्या मुलखात राहून द्राक्षाला मुकले बिचारे! दत्तोबांच्या तोंडचं पाणी पळालं. आणि एकाएकी मास्तर हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत!

"सारासुद्धा दरवर्षी मनुका भिजवायला विसरायची! ऐन वेळी उकळत्या पाण्यात टाकायची आणि चेचून पिळायची. तेही शास्त्राला चालतं! फक्त मनुका पाहिजेत."

मुक्ताबाईंनी नवऱ्याच्या खिशात हात घातला आणि पुरचुंडी काढली.

चूल पेटली. मास्तरांनी मनुका धुतल्या, उकळल्या, चेचल्या, साराबाईंच्या जुन्या मलमलीतून पिळल्या. प्याले लहान घेतले, पण चारही झाले. आशीर्वाद झाला, मंडळी रेलली. मुक्ताबाईंनी विचारलं, "का वो मास्तर, आजच्या राती असं काय येगळं हाय?"

आणि मास्तरांनी आख्यान लावलं! आवाज पिकला होता, पण समुद्र तोच होता. जिथं पेटीनं उत्तर द्यायचं तिथं ते सवयीनं थांबले. ओटा सुना झाला. तेवढ्यात दत्तोबांनी ते धृपद उचललं, "वाट दे रे सागरा, वाट दे!" मास्तरांनी डोळे न उघडताच मान हलवली. मुक्ताबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि टाळी धरली.

घरी परतताना चांदणं असं पडलं होतं, की ऊसही रेललेला दिसत होता.

"माळ राखलीस, मुक्ते," दत्तोबा म्हणाले. "आन् सण बी. पन वतलं कुठं ते?"

मुक्ताबाईंनी गोठ्याकडं बोट दाखवलं.

घमेलं चाटूनपुसून लख्ख! चंद्री पसरली होती, डोळे अर्धे मिटलेले, तोंडावर समाधान. दत्तोबांनी कंदील खाली धरला, अंग नीट न्याहाळलं, आणि खिशात मनुका चाचपल्या. खिसा रिकामा होता.

म्हैस डावीकडं रेलली होती.

"घ्या!" मुक्ताबाई म्हणाल्या. "आता शास्त्र हिलाच इचारत जावा."