कोरंबीच्या ग्रामसभेने सिंहिणीला दिलेली ना-हरकत

कोरंबीच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात सोमवारी साडेदहाला एक सिंहीण स्थलांतराचा अर्ज घेऊन आली. बाकडं अरुंद असल्यामुळे ती फरशीवर बसली. वनक्षेत्रपाल वत्सला गेडाम यांनी अर्ज वाचला.

"एकूण किती जण?"

"मी आणि तीन छावे. छावे नाल्याजवळ झोपलेत."

"स्थलांतराचं कारण लिहिलेलं नाही."

"आमच्याकडे सगळे सिंह एकाच जंगलात राहतात," सिंहीण म्हणाली. "गेल्या साली कुत्र्यांकडून आजार आला. माझ्या दोन्ही बहिणी गेल्या. त्यात आता कळपावर नवे नर आलेत. ते आधीच्या नराची पिल्लं ठेवत नाहीत."

गेडाम मॅडमनी कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक व आरोग्यविषयक' असं लिहिलं. जंगलात जागा होती, चितळ आणि नीलगायी भरपूर होत्या. पण ग्रामसभेची ना-हरकत लागणार होती.

"ती तुम्हालाच मिळवावी लागेल. छावे सोबत न्या, ओळख होईल."

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. सिंहिणीने चार वाक्यांत आपलं म्हणणं मांडलं. छावे तिच्या शेपटीशी खेळत होते. गावात सगळ्यात जास्त शेळ्या पार्वताबाई मडावींच्या होत्या. त्या उभ्या राहिल्या.

"माझ्या शेळ्यांचं काय?"

"शिकार मिळेल तोवर मी गावाकडे येणार नाही," सिंहीण म्हणाली. "पण कधीच येणार नाही, असा शब्द देत नाही. गोठ्याला भक्कम दार लावा."

सिंहिणीने सगळ्यात धाकट्या छाव्याला पंजाने जवळ ओढलं. आता नकार आला, तर परत जाण्यासारखं ठिकाण तिला राहिलं नव्हतं.

पार्वताबाईंनी पदर नीट केला. "इथं मत मागायला आलेल्या प्रत्येकानं मला सगळ्या गोष्टींचा शब्द दिला. नाही म्हणणारी ही पहिलीच. शिवाय नीलगायी माझी तूर खातात. राहू द्या हिला."

एकाहत्तर हात वर झाले. सिंहिणीनेही पंजा वर केला होता, पण मतदार यादीत नाव नसल्यामुळे तो मोजला गेला नाही. पार्वताबाईंनी त्याच आठवड्यात सुताराला बोलावून गोठ्याला सागवानी दार बसवून घेतलं.

पावसाळा गेला. छाव्यांची अंगं भरली. त्यांच्या आईने पहिली नीलगाय पार्वताबाईंच्या तुरीतच मारली. पंचनाम्यात 'पीक वाचले' अशी नोंद झाली.

मार्चमध्ये एका तरण्या सिंहाचा अर्ज आला. पुन्हा ग्रामसभेची नोटीस निघाली. सिंहीण आता रहिवासी असल्यामुळे एक प्रत तिलाही गेली. ती सभेला वेळेवर आली आणि हरकत नोंदवून म्हणाली, "माझी मुलं अजून लहान आहेत. ती स्वतः शिकार करायला लागेपर्यंत यांनी थांबावं."

"बरोबर आहे," पार्वताबाई म्हणाल्या. "माझं अनुमोदन लिहा."

गेडाम मॅडमनी ठराव वाचून दाखवला. सिंहाने तो शांतपणे ऐकला, मुदत किती म्हणून विचारलं आणि मान्य केलं. त्या दिवसापासून तो नदीच्या पलीकडे राहतो. सकाळी धुणं घेऊन गेलेल्या बायका त्याला सांगतात, पिल्लं अजून लहानच आहेत. तो मान हलवतो आणि पुन्हा सावलीत जाऊन बसतो.