वेंडेलला मी पुसलं

फोटोवरची धूळ काढण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या टेक्सासमध्ये नव्हता! हे मी नाही, आमच्या मुख्य बाई मिस प्रुइट म्हणायच्या. म्हणजे एकदा म्हणाल्या होत्या. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की फोटोत पांढरा ठिपका उमटतो. बारीक ब्रश शाईत बुडवायचा, जिभेवर टोक करायचं आणि टिच! ठिपका गायब.

तर त्या डिसेंबरात अंतराळातून फिल्म आली. दोन यानं एकाच वेळी वर जाऊन सुखरूप परतली होती. एकात गिल मॅब्री, दुसऱ्यात वेंडेल टॅरंट, आणि प्रत्येकाबरोबर एकेक जोडीदार. गिलने काढलेले फोटो आमच्या ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत धुवायचे होते. फिल्म वाळायला टांगली आणि आम्ही अकराजण चर्चमध्ये उभं राहावं तसे उभे राहिलो. पृथ्वीची कड वाकलेली दिसत होती हो! ढगांवर ढगांच्या सावल्या पडलेल्या!

"ओटिस, दोनच्या समारंभासाठी या फोटोच्या बारा मोठ्या प्रती," मिस प्रुइट म्हणाल्या. "आणि स्वच्छ हव्यात!"

खाली समुद्र, वर काळंभोर आकाश. आणि आकाशाच्या मधोमध, नाकावर पुटकुळी यावी तसा, एक पांढरा ठिपका. माझ्या फोटोत? टिच! बाराच्या बारा प्रतींवर टिच!

समारंभात सगळ्यात पुढे वेंडेलच्या आई बसल्या होत्या. लबकहून दिवसभर बस बदलत आलेल्या, मांडीवर पीकान पाय नावाच्या गोड पदार्थाचा डबा. गिल ऐटीत फोटोपाशी गेला.

"आणि मिसेस टॅरंट, हा इथे तुमचा वेंडेल..."

त्याचं बोट हवेतच थांबलं. त्याने फोटो उलटा केला. मग सुलटा केला. रुमालाने पुसला.

"इथेच होता!" तो पुटपुटला.

"होता म्हणजे?" आई उठल्या. "माझ्या पोराला काय झालं?"

"आई, मी इथे आहे!" शेजारी बसलेला वेंडेल तोबरा भरलेल्या तोंडाने ओरडला.

"तू थांब रे, मी यांना विचारतेय!"

मागून एक वार्ताहर ओरडला, "यान गायब? शत्रूचा हात आहे का?" एका अधिकाऱ्याने घाबरून "यावर काही बोलता येणार नाही" म्हटलं. झालं! दहा-बाराजण टेलिफोनकडे पळत सुटले.

मी हात वर केला. "तो... ठिपका होता का हो?"

"ठिपका?" गिल गरकन वळला. "अरे, त्यात दोन माणसं होती!"

"मला वाटलं, धूळ आहे."

सगळी वरात प्रयोगशाळेत आली. मी निगेटिव्ह उजेडावर ठेवलं, भिंग लावलं आणि आधी स्वतःच पाहिलं. धूळ नव्हतीच ती. इवलंसं यान होतं; एक बाजू उन्हात, दुसरी अंधारात. त्याच्या आजूबाजूला काही म्हणजे काही नव्हतं.

"खाली सगळा महासागर होता," गिल हळूच म्हणाला. "आणि समोर हे दोघं. बाकी कुणीच नाही. बटण दाबायच्या आधी मी त्यांना हात केला रे ओटिस."

माझा ब्रश त्या दोघांवर टेकला होता. त्यांच्या श्वासांवर, त्यांच्या डब्यातल्या जेवणावर.

वेंडेलच्या आईंनी भिंगाला डोळा लावला. तशाच वाकलेल्या असताना त्यांनी मागे हात नेला, चाचपडत वेंडेलची बाही पकडली आणि घट्ट धरून ठेवली.

"एवढासा?" त्या म्हणाल्या. "वेंडेल, तू एवढासा होतास?"

मिस प्रुइटनी चष्मा काढून पुसला, आणि पुन्हा पुसला.

त्या संध्याकाळी मी बारा नव्या प्रती काढल्या, ब्रशला हातही न लावता. सगळ्यात मोठी लबकला गेली.

आणि सोमवारी माझी बदली ओळखपत्रांच्या फोटोंकडे झाली. तिथे माणसाचं डोकंच एवढं मोठं येतं की चुकून पुसायचं म्हटलं तरी शाई पुरत नाही!